कलशाभोवती सहा डिस्क

"वाय दाबा मॅडम, आणि एंटर मारा," फोनवरचा माणूस म्हणाला. "त्यात एवढा विचार कसला करताय?"

सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीला लावलेला फोन स्पीकरवर ठेवला होता. सर्व्हरच्या खोलीत आम्ही तिघं होतो. मी, आमचे व्यवस्थापक मगदूमसाहेब आणि सेंटरचे मुख्य डॉक्टर बिदरकर. दसऱ्याची सुट्टी संपल्यानंतरची ती सकाळ होती. कपाटाएवढ्या लोखंडी चौकटीतून एक बारीक शीळ एकसारखी वाजत होती आणि खोलीत कधी नव्हे तो झेंडूचा वास येत होता.

पडद्यावर इंग्रजीत चार ओळी होत्या. त्यांचा अर्थ असा : डिस्कांच्या जागा बदललेल्या आहेत. सहापैकी दोन डिस्क दिसत नाहीत. आहे त्या चार घेऊन नव्याने मांडणी करायची का? जुनी माहिती नष्ट होऊ शकते. होय की नाही?

"नष्ट होऊ शकते असं लिहिलंय," मी म्हटलं.

"ते असं लिहितंच. आम्ही रोज दाबतो."

"रोज दाबता, त्यानंतर माहिती परत येते का?"

"बहुतेक वेळा येते."

मगदूमसाहेबांनी हात पुढे केला. मी नकळत कीबोर्डवर पंजा ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पंजाकडे. तो थरथरत होता आणि ते लपवण्यासारखं नव्हतं.

"मॅडम, बाहेर बाक भरलंय पेशंटनी," ते म्हणाले. "तुम्हाला भीती वाटते म्हणून सेंटर बंद ठेवायचं का?"

"हो," मी म्हटलं. "आत्ता तरी."

मिरजेतलं आमचं कॅन्सर सेंटर तसं लहान. किरणोपचाराचं यंत्र एकच. आजूबाजूच्या गावांतून, पार कर्नाटकातूनही लोक शेक घ्यायला येत. किरणोपचाराला आमच्याकडे शेकच म्हणतात. मी तिथे भौतिकशास्त्रज्ञ होते. किरण कुठून, किती आणि कोणत्या आकारात सोडायचे याची आखणी करणं माझं काम. त्या आखणीला आम्ही प्लॅन म्हणत असू. प्रत्येक पेशंटचा प्लॅन, त्याचे स्कॅन, आजवर त्याच्या शरीरात कुठे किती किरण गेले याची नोंद, सगळं त्या सहा डिस्कांवर होतं. एकेका पेशंटची माहिती सहाही डिस्कांवर तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेली असे. तुकड्यांचा हिशेब ठेवणारं एक कार्ड होतं, त्याला कंट्रोलर म्हणतात. एखादी डिस्क बिघडली तर उरलेल्या पाचांवरून तो सगळं पुन्हा जुळवू शके. दोन गेल्या तर नाही.

आणि पडद्यावर दोन दिसत नव्हत्या.

"आपल्याकडे कॉपी असते ना?" डॉक्टरांनी विचारलं. ते कधी आवाज चढवत नसत, आताही चढवला नाही.

"महिन्याच्या सुरुवातीची आहे. बाकीच्यांचं त्यावर भागेल. त्यानंतरच्या नोंदी कागदावर आहेत, त्या भरता येतील. पण चौगुल्यांचं नाही भागणार."

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांना पुढचं सांगायची गरज नव्हती.

भूपाल चौगुले सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांत पुकारा करत. तीस वर्षं त्यांनी ढिगाऱ्यांपुढे उभं राहून लिलाव पुकारले होते. त्यांच्या स्वरयंत्रावर गाठ होती. शस्त्रक्रिया करून स्वरयंत्र काढलं असतं तर गाठ गेली असती, आवाजही गेला असता. म्हणून शेक. निम्म्याहून जास्त शेक झाले होते आणि गाठ विरघळत चालली होती. पण गिळता येईना म्हणून ते इतके वाळले, की चेहऱ्यावर बसवायचा जाळीचा मास्क सैल झाला. गळ्याचा आकारच बदलला. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मी नवा मास्क करून, नवा स्कॅन घेऊन प्लॅन पहिल्यापासून आखला. तो त्या सहा डिस्कांवरच होता, दुसरीकडे कुठेही नव्हता.

"जुन्या प्लॅनवर दोन दिवस काढता येतील?" डॉक्टर म्हणाले.

"नाही सर. जुन्या प्लॅनमध्ये त्यांचा मणका जिथे आहे, तिथे तो आता नाही. किरण मज्जारज्जूवर जातील."

"आणि सगळं नव्याने करायचं तर?"

"मास्क, स्कॅन, आखणी, तपासणी. आठवडा तरी."

"आठवडाभर शेक बंद राहिला तर गाठ पुन्हा धरेल." ते हे स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. "मग ऑपरेशनशिवाय इलाज नाही. संध्याकाळपर्यंत बघा. त्यानंतर मला त्यांच्या घरच्यांशी बोलावं लागेल."

ते गेले. फोनवरचा माणूस अजून तिथेच होता. "मॅडम, लाईनवर आहात ना? वाय दाबताय ना?"

मी फोन बंद केला.

मगदूमसाहेब तसे वाईट गृहस्थ नव्हते. ट्रस्टचं काम त्यांनी घरच्यासारखं केलं. पण त्यांचा आणि माझा त्या कंट्रोलरवरून जुना वाद होता. दीड वर्षापूर्वी ही सामग्री घेताना दोन पुरवठादार आपापली यंत्रं घेऊन आले होते. त्यांनी मीटिंगच्या टेबलावर ती मांडून दाखवली. पहिल्याने चालू यंत्रातून एक डिस्क ओढून काढली आणि दुसरी घातली. दिवे दोनदा लुकलुकले, हिरवे झाले, काम पुढे चालू. कोणी काही विचारलं नाही, कोणाला काही सांगावं लागलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्यानेही तेच केलं. त्याचा कंट्रोलर थांबला, शिट्टी मारू लागला आणि पडद्यावर प्रश्न आला : ही डिस्क माझ्या ओळखीची नाही, काय करू?

मगदूमसाहेब खळखळून हसले होते. "हे तर आपल्या मॅडमसारखंच झालं. विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही."

सगळे हसले. मीही हसले. मग मी पहिल्या पुरवठादाराला विचारलं, की तुमचा कंट्रोलर डिस्क ओळखतो कशावरून. तो म्हणाला, खणावरून. खण एक, खण दोन. खणात वेगळं काही दिसलं की ती डिस्क नवी समजून तो आपला लिहायला लागतो, साहेबांना त्रास नाही. दुसऱ्याचा कंट्रोलर प्रत्येक डिस्कवरच तिची ओळख लिहून ठेवत असे, आणि ओळख पटली नाही तर थांबे. मी दुसरा मागितला. का, असं समितीने विचारलं तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. "सुरक्षित वाटतो," एवढंच म्हटलं. त्यानंतर दर वेळी तो शिट्टी मारू लागला की मगदूमसाहेब माझ्या खोलीत डोकावून म्हणत, "मॅडम, तुमचं लेकरू रडतंय."

त्या सकाळी ते तसं म्हणाले नाहीत. दाराशी उभं राहून त्यांनी विचारलं, "पण जागा बदलल्या म्हणतंय, त्या बदलल्या कशानं?"

मी लोहारांना बोलवायला सांगितलं.

शंकर लोहार आमची वीज, पंखे, एसी आणि सर्व्हर बघत. पन्नाशीचे, टापटिपीचे. ते दारात आले आणि चपला बाहेर काढून उंबऱ्यातच थांबले. खोलीतली शीळ त्यांनी ऐकली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"लोहार, खंडेनवमीला डिस्क बाहेर काढल्या होत्या?"

"काढल्या की," ते म्हणाले. "पूजेला."

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. किरणांच्या यंत्राला हार, चाकांच्या खुर्च्यांना कुंकू, रिक्षाला तोरण. नवमीला मी लवकर घरी गेले होते.

"आत पूजा करायची नाही असं मी बजावलं होतं."

"आत केलीच न्हाई." लोहारांच्या आवाजात दुखावल्यासारखं काहीतरी होतं. "तुम्हीच सांगितलं नव्हं, सर्व्हरच्या खोलीत हळद-कुंकू, पाणी, उदबत्ती काय न्यायचं न्हाई. म्हणून मी सगळं बंद करून डिस्क बाहेर आणल्या. सगळ्या पेशंटचा जीव हाय त्यात. त्यांनाच पूजेला ठेवायचं न्हाई, हे बरं दिसतं का?"

माझा नियम त्यांनी तंतोतंत पाळला होता. मगदूमसाहेब भिंतीकडे बघू लागले. पूजेला नारळ त्यांनीच फोडला असणार.

"परत घालताना क्रम बघितला होता?"

"आकडे लिहिलेल्या पट्ट्या होत्या. पण लई मळकट होत्या ओ. आमच्यात हत्यारं पुजायची तर आधी लख्ख करायची. मी स्पिरिटनं पुसलं, तर पट्ट्या निघाल्या. म्हटलं, मांडलेल्या ओळीनं परत घालू."

"मग?"

"ओळीत मांडल्या न्हाईत. पाटावर कलशाभोवती गोल मांडल्या."

गोलाला पहिली जागा नसते, हे लोहारांच्याही तोंडावर त्याच वेळी लिहिलेलं दिसलं.

मला टेबलावरचं ते पहिलं यंत्र आठवलं, दिवे लुकलुकून हिरवं होणारं. ते इथे असतं तर बटण दाबताच त्याने सहा अनोळखी डिस्क नव्या समजल्या असत्या आणि निमूटपणे त्यांच्यावर लिहायला घेतलं असतं. मी दार उघडेपर्यंत सगळं हिरवं असतं. आणि चौगुल्यांचा प्लॅन नसता. पण या विचाराने धीर आला नाही, उलट भीती वाढली. आमच्या कंट्रोलरला क्रम बदलला तरी चालतो, हे मला माहीत होतं. मग दोन डिस्क दिसत का नव्हत्या? त्या पडल्या होत्या का? पाण्यात भिजल्या होत्या का?

"पूजेत डिस्कांवर काय काय घातलं, ते सगळं सांगा."

"हळद, कुंकू. झेंडू. अक्षता."

"अक्षता कोरड्या की ओल्या?"

"कुंकवात भिजवलेल्या. पण पुसून घातल्यात मॅडम, एकेक. माझ्या पोरांची शप्पत."

मी सगळं बंद केलं. शीळ थांबली आणि खोली इतकी शांत झाली की ती शीळच बरी होती असं वाटलं. बंद केलेलं पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती. आता दोन दिसत नाहीत, पुढच्या वेळी तीन दिसल्या नाहीत तर?

पहिली डिस्क काढली. विजेरीच्या उजेडात तिची मागची बाजू बघितली. तिथे एक लांबट खाच असते, तिच्यातले तांब्याचे दात यंत्रात बसतात. स्वच्छ. दुसरीही स्वच्छ. तिसऱ्या डिस्कच्या खाचेत, अगदी कोपऱ्यात, काहीतरी गुलाबी दिसलं. मी भिंग मागवलं. तांदळाचा अर्धा दाणा होता, कुंकवाने माखलेला, दातांच्या मधोमध घट्ट बसलेला. डिस्क ढकलताना तोच आत दाबला गेला होता.

पाचवीच्या खाचेत झेंडूची पाकळी. वाळून दातांना चिकटलेली.

मी चिमटा धरला. टोक खाचेच्या दोन्ही कडांना लागू लागलं. एखादा दात वाकला की ती डिस्क गेली. मी चिमटा खाली ठेवला.

"लोहार, तुम्ही काढा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुधा त्यांना वाटलं होतं की मी त्यांना बाहेर काढीन. त्यांनी हात पँटला पुसले, चिमटा घेतला, श्वास रोखला. दाणा निघाला. पाकळी निघायला वेळ लागला, ती तुकड्या-तुकड्यांनी आली. मग त्यांनी कापसाच्या काडीने स्पिरिट लावलं.

"वाळायला थोडा वेळ देऊ," ते म्हणाले. "ओलं घालायला नको."

मी बाहेर आले. बाकावरचे बरेच पेशंट दुसऱ्या दिवशी यायला सांगून परत पाठवले होते. चौगुले होते. भिंतीला टेकून बसलेले, गळ्याभोवती मऊ उपरणं, शेजारी बायको पाण्याची बाटली धरून. त्यांच्या गळ्याची कातडी काळवंडली होती. आवाज म्हणजे नुसती कुजबुज उरली होती, पण बोलायची हौस गेली नव्हती.

"काय ओ मॅडम," ते कुजबुजले. "मशीन रुसलं?"

"थोडा वेळ लागेल."

"माझं काय हरवलंय का?"

मी खोटं बोलू शकले असते. "अजून नाही," म्हटलं.

त्यांच्या बायकोने बाटली घट्ट धरली. ते मात्र माझ्या हातांकडे बघत होते. मी ते ओढणीत लपवले.

"मगाशी मगदूमसाहेब मोठ्यानं बोलत हुते. ऐकू आलं. मॅडम घाबरल्यात म्हणे."

"हो. घाबरलेय."

"बरं हाय." ते घोटभर पाणी प्यायले. गिळताना त्यांचे डोळे मिटले, उघडायला वेळ लागला. "आमच्यात नवा पोऱ्या पुकाऱ्याला उभा केला की त्याला घाई असती. एक वार, दोन वार, तीन वार, संपला सौदा. माझे वडील काय म्हणायचे म्हाईत हाय? दोन वारपर्यंत माल शेतकऱ्याचा. तीन म्हटलं की गेला. म्हणून दोनला थांबायचं. सगळ्यांची तोंडं बघायची. कुणाचं काय ऱ्हायलंय का बघायचं."

"अहो, बोलू नका म्हणून सांगितलंय ना डॉक्टरांनी," त्यांची बायको म्हणाली.

"हिला तीस वर्षं हेच पाहिजे हुतं," ते म्हणाले आणि हसायला गेले. त्याचा खोकला झाला.

मी आत गेले. लोहारांनी डिस्क एकेक करून खणात सरकवल्या. मगदूमसाहेब खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर जुळवून. मी बटण दाबलं. पंखे घरघरले. बराच वेळ पडदा काळाच होता, आणि त्या काळ्यात मला आम्हा तिघांचे चेहरे दिसत होते. मग शीळ सुरू झाली.

मगदूमसाहेबांनी डोळे मिटले. "अजून रडतंय," ते म्हणाले, पण चेष्टेने नाही.

मी वाचलं. सहा डिस्क सापडल्या. जागा बदललेल्या आहेत. प्रत्येक डिस्कवरच्या ओळखीप्रमाणे जुनी मांडणी मान्य करायची का? होय की नाही?

प्रश्न वेगळा होता. अगदी सकाळच्यासारखाच दिसणारा, त्याच अक्षरांत, त्याच जागी, पण वेगळा. मी तो पुन्हा वाचला. मग एकेक शब्दावर बोट ठेवून मोठ्याने वाचला, लोहारांना आणि मगदूमसाहेबांना मराठीत सांगितला आणि विचारलं, "यात नवीन मांडणी असं कुठे म्हटलंय का?"

"न्हाई," लोहार म्हणाले.

"जुनी म्हटलंय," मगदूमसाहेब म्हणाले. "जुनी."

"कोणाचं काही राहिलंय?"

दोघांनी नकारार्थी माना हलवल्या. मी वाय दाबलं.

दिवे एकामागून एक लागले. मी चौगुल्यांचं नाव शोधून उघडलं. नवा स्कॅन आला. वाळलेला गळा, मणका, त्याच्याभोवती मी आखलेली रेघ. तरीही मी लगेच त्यांना आत घेतलं नाही. तुकडे परत जुळले होते, पण ते बरोबर जुळले आहेत हे यंत्राने सांगितलं होतं, मी बघितलं नव्हतं. टेबलावर माणसाऐवजी पाण्याने भरलेला ठोकळा ठेवून मी तो प्लॅन त्याच्यावर चालवला, किरण मोजले, आखणीच्या दिवशी छापून ठेवलेल्या मोजक्या आकड्यांशी ताडून पाहिले. डॉक्टर दोनदा येऊन गेले. ऊन उतरायला लागलं तेव्हा मी चौगुल्यांना हाक मारली.

मास्क बसवताना त्यांनी माझा हात धरला, उलटा केला, बघितला आणि सोडून दिला. तो आता थरथरत नव्हता.

पुढच्या खंडेनवमीला लोहारांनी पाट मांडला. पाटावर डिस्कांऐवजी कार्डाचं रिकामं खोकं होतं. कंट्रोलर त्यातून आला होता. ते लख्ख पुसलं होतं. अक्षता कोरड्या होत्या. मगदूमसाहेबांनी नारळ फोडला.

त्यानंतर चारेक वर्षांनी पुण्याची नोकरी धरायची ठरली तेव्हा निघण्याआधी मी एकदा सांगलीच्या मार्केट यार्डात गेले. सकाळची वेळ होती. हवेत हळदीची धूळ इतकी, की शिंका आवरेनात. एका ढिगाऱ्याभोवती पंधरा-वीस माणसं उभी होती आणि त्यांच्या मधोमध चौगुले. अंगावर मांस आलं होतं. आवाज पूर्वीचा नसावा. घोगरा होता, कडेला चिरलेला, पण यार्डाच्या पत्र्यापर्यंत पोचत होता. त्यांनी मला पाहिलं नाही. बाजूला एक म्हातारा शेतकरी टोपी हातात धरून उभा होता, आपल्याच हळदीकडे बघत.

भाव चढला, थांबला. पुन्हा थोडा चढला.

"एक वार," चौगुले ओरडले.

गर्दी हलली नाही.

"दोन वार."

आणि ते थांबले. एकेकाच्या तोंडाकडे बघत, शेवटी म्हाताऱ्याकडे बघत. कोणीतरी घाई करत म्हणालं, "सोड की आता." ते हलले नाहीत. मी पत्र्याच्या खांबाला हात लावून उभी होते आणि माझा श्वास त्यांच्याबरोबर अडला होता.